धोट्याला उष्टं नसतं

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं हे मला अजून नीट कळत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. मराठी चौथी पास झाले आणि त्याच वर्षी लग्न ठरलं. त्यानंतर लेखणी हातात आली ती वाण्याची यादी करायला, नाहीतर आईला चार ओळींचं पत्र लिहायला. हे लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही. चुकून कुणाच्या हाती पडलंच तर त्यानं शुद्धलेखन बघू नये. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून कागदावर लिहिते. तेही दोन पानं झाली की दमायला होतं.

आमचं घर विणकरांचं. सोलापुरात आमच्या पेठेत दारोदारी माग. आमच्या पुढच्या खोलीत जमिनीत दोन खड्डे खणून दोन माग बसवलेले होते. एकावर मालक बसत, म्हणजे माझे यजमान, आणि दुसऱ्यावर धाकटे दीर. दोघांच्या मधे भिंतीला टेकून मी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत असे. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या सुताला लावायची खळ शिजवत आणि स्वयंपाकाचं बघत. माग आमचे, सूत कारखानदाराचं. त्याच्याकडून सूत आणायचं, लुगडी विणून पोचवायची आणि शनिवारी मजुरी घ्यायची. मला मूल एकच, तेव्हा चार वर्षांची मुलगी.

ज्यानं माग पाहिला नसेल त्याला धोटा काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्यातूनच झालं. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडाचा तुकडा, मधे पोकळ. त्या पोकळीत सुताची कांडी बसवायची. सुताचं टोक धोट्याच्या कुशीतल्या बारीक भोकातून बाहेर यावं लागतं, आणि ते बोटानं निघत नाही. भोकाला ओठ लावून आत श्वास ओढला की सूत तोंडात येतं. ते दातानं धरून बाहेर काढायचं. मग विणकर दोरी ओढतो आणि धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. कांडी संपली की दुसरी कांडी आणि पुन्हा तोंड. दिवसभर हेच. हिरवं लुगडं चालू असलं की ओठ हिरवे व्हायचे. दीर म्हणायचे, "वैनी, आज पोपट शिजवला व्हता का काय?"

आमच्याकडं पाच धोटे होते. हा माझा, तो तुझा असं काही नव्हतं. मी कांडी बसवायची, सूत ओढून ठेवायची आणि ज्याचा हात पुढं येईल त्याच्या हातात धोटा द्यायची.

मालकांना खोकला लागला तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. कापसाच्या कोंड्यात बसणारा माणूस खोकणारच. आत्यांनी आल्याचा रस दिला, मग दृष्ट काढली, मग मिरच्या जाळल्या. त्या धुरानं ते आणखी खोकले. संध्याकाळी अंग तापायचं, सकाळी घामानं सदरा भिजलेला असायचा. गालांची हाडं वर आली. सहा महिने असे गेले. एके दिवशी विणून झालेल्या पांढऱ्या पट्ट्यावर लाल ठिपका पडला.

"पानाचा हाय," ते म्हणाले.

पान ते खात नव्हते.

दवाखान्यातले डॉक्टर वयानं मोठे होते, बाहेरगावाहून आलेले. त्यांनी झाकणाच्या डबीत थुंकी आणायला सांगितली. दीर मागावरून उठले तर त्या दिवसाची मजुरी जाणार, म्हणून डबी मीच नेली. दुसऱ्या दिवशी निकाल विचारायला गेले तेव्हा डॉक्टरांनी टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाकडं बोट केलं. "बघा बाई, काय आहे ते स्वतःच बघा. म्हणजे घरी जाऊन नीट सांगाल."

मला लाजेनं मेल्यासारखं झालं. पदर सावरून वाकले तर आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग ते म्हणाले, "दुसरा डोळा मिटा." तेव्हा निळी जमीन दिसली, आणि तिच्यावर तांबडे, बारीक, तुटक्या सुतासारखे तुकडे. कुठं एकटे, कुठं दोन-तीन एकमेकांना चिकटलेले. लुगड्यावर असं काही राहिलं असतं तर मी नखानं उचकून काढलं असतं.

"क्षयाचे जंतू आहेत ते," डॉक्टर म्हणाले. "हा रोग नजरेचा नाही, पापाचा नाही. रोगी खोकतो, थुंकतो, त्यातून हे बाहेर पडतात आणि दुसऱ्याच्या अंगात जातात."

"आणि औषध?" मी विचारलं. एवढाच शब्द मला सुचला.

"याला मारणारं औषध अजून जगात कुणाकडं नाही. माणसाचं अंगच त्याच्याशी लढतं. अंगात जोर असला तर ते जंतूंच्या भोवती भिंत घालतं आणि त्यांना आत कोंडून ठेवतं. आपण त्या अंगाला बळ द्यायचं. झोप, मोकळी हवा, दूध, अंडी. आणि घरातल्या दुसऱ्या माणसांपर्यंत रोग पोचू द्यायचा नाही. आपल्या हातात एवढंच आहे."

एवढंच आपल्या हातात आहे असं कुणी सांगितलं की तेवढं तरी नीट करावं, असं मला वाटतं. मालकांची ताटवाटी आणि पेला वेगळा केला. पेल्याला लाल दोरा बांधला, म्हणजे चुकून कुणी उचलायचं नाही. त्यांची भांडी रोज उकळत्या पाण्यातून काढायची. थुंकायला फिनेल घातलेला डबा, तो रोज परसात चिंध्यांवर ओतून रॉकेलनं जाळायचा. गोधडी दिवसभर उन्हात. खिडकी मी उघडायची आणि आत्या लावायच्या, मी पुन्हा उघडायची. तोंडानं आम्ही एकमेकींना काही बोललो नाही. खिडकीच बोलत होती. मुलीला माझ्या आईकडं मोहोळला पाठवली. ती जाताना रडली नाही, गाडीत बसायला मिळणार म्हणून खूश होती. मीच आठ दिवस चरख्यावर बसून डोळे पुसत होते.

शेजाऱ्यांना आम्ही दमा आहे असं सांगत होतो. कुणाचा विश्वास बसला नाही. चुलीसाठी आमच्याकडून विस्तव नेणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. मंगळवेढ्याहून दिरांना सांगून आलेली मुलगी, त्या लोकांनीही पुन्हा निरोप पाठवला नाही.

डॉक्टरांनी मालकांना पडून राहायला सांगितलं होतं. पण मागावर ताणा, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, चढलेला होता आणि चढलेला ताणा अर्धा सोडत नाहीत. सकाळी ताप उतरलेला असला की ते तास-दोन तास बसत. दम लागला की उठत, आणि दीर आपल्या मागावरून उठून त्यांच्या खड्ड्यात उतरत. असे दोन महिने चालले.

त्या दिवशी मी लाल दोऱ्याच्या पेल्यावर उकळतं पाणी ओतत होते. समोर मालकांची कांडी संपली. त्यांनी नवी कांडी घातली, धोटा तोंडाला लावला, सूत ओढलं. तोच त्यांना ढास लागली. तोंडावर फडकं धरून ते उठले आणि परसात गेले. गडबडीत ओढलेलं सूत पुन्हा आत गेलं होतं. दीर त्यांच्या जागी बसले. त्यांनी तोच धोटा उचलला आणि तोंडाला लावला.

माझ्या हातातलं पाणी माझ्याच पायावर पडलं. आत्या ओरडल्या, "अगं, पाय पोळला की! लक्ष कुटं हाय तुजं?" खरं सांगायचं तर दोन दिवस मी काहीच बोलले नाही. ते दोन दिवस मला अजून आठवतात. मी कांड्या भरत होते, धोटे तयार करत होते, या हातातून त्या हातात देत होते. मला दिसत होतं आणि तोंड उघडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना आत्यांना सांगितलं. त्या हसल्याच. "धोट्याला उष्टं नसतं गं. दसऱ्याला हळद-कुंकू वाहतो आपण त्याला. देवाला कुणाचं उष्टं लागतंय व्हय? माजा सासरा, माजा मालक, समद्यांनी त्योच धोटा वढला. कुणाला काय झालं?"

माझ्या सासऱ्यांना मी पाहिलं नव्हतं. ते चाळिशीच्या आत गेले होते. कशानं गेले ते मी आजवर विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं. आत्यांचा हात परातीतच थांबला. "खोकल्यानं," त्या म्हणाल्या, आणि भाकरी तव्यावर करपेपर्यंत तिच्याकडं बघत राहिल्या.

मी एकटी दवाखान्यात गेले. रांगेत माणसं होती. माझी पाळी आली तेव्हा मी जे सांगितलं ते इतक्या हळू सांगितलं की डॉक्टरांनी कंपाउंडरला बाहेरचं दार लावायला लावलं.

"तोंडानं? परत सांगा, बाई. तोंडानं काय करतात?"

मी हातानं करून दाखवलं. त्याच दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. दिरांना वाटलं साहेब विणकाम बघायला आलेत. त्यांनी ऐटीत कांडी बसवली, धोटा ओठाला लावला आणि झटक्यात सूत काढलं. डॉक्टर मागाच्या काठावरच बसले.

"दोन महिने मी कपबशीच्या मागं लागलो होतो," ते म्हणाले. "पेठेत सगळे असंच करतात?"

"मग दुसरं कसं करनार, सायेब?" दीर म्हणाले. "सूत काय हाक मारल्यावर येतंय व्हय?"

डॉक्टरांनी दिरांच्या पाठीला नळी लावली. बराच वेळ लावली. मग विचारलं, संध्याकाळी अंग कसकसतं का. दिरांनी माझ्याकडं पाहिलं, आत्यांकडं पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली. त्यांनी आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. घरात एक आजारी असताना दुसऱ्यानं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असेल. पहिली डबी स्वच्छ निघाली. दुसऱ्या डबीत ते तांबडे तुकडे सापडले.

मलाही तपासलं. मी तर दोघांचे धोटे ओढत होते, सगळ्यांत जास्त मीच. माझ्यात काही निघालं नाही. असं का, हे मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जंतू तुमच्याही अंगात गेला असेल. तुमच्या अंगानं त्याला कोंडला असेल. सगळ्यांचं अंग सारखं नसतं." हे उत्तर मला पटलं नाही आणि खोटंही वाटलं नाही.

त्या आठवड्यात मी मोडक्या छत्रीची काडी चुलीत तापवली आणि तिचं टोक वाकवून बारीक आकडा केला. धोट्याच्या भोकातून आकडा आत घालायचा, सूत अडकवायचं आणि बाहेर ओढायचं. पहिल्यांदा पाच-सहा वेळा निसटायचं. दीर म्हणाले, "वैनी, ह्या आकड्यानं एक लुगडं हुईपर्यंत नेसनारी म्हातारी हुईल की." पण ते वापरू लागले. मालकही, जेवढे दिवस बसले तेवढे दिवस.

डॉक्टरांनी सांगितलं की दूर कोरड्या हवेच्या ठिकाणी क्षयाच्या रोग्यांचं एक इस्पितळ आहे. तिथं वर्षभर राहिलं तर ज्याचा रोग कोवळा आहे त्याला गुण येतो. खर्च ऐकून आत्या खालीच बसल्या. एवढे पैसे मागायला कारखानदाराशिवाय दुसरं दार नव्हतं. आत्या आणि मी गेलो. मी त्यांच्या मागं उभी होते.

कारखानदार गादीवर बसून लुगड्याचा काठ तपासत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "उचल देतो," तो म्हणाला. "मजुरीतनं कापून घेईन. पण एकाची देतो. जो परत येऊन मागावर बसंल त्याची. कुणाची देऊ ते घरी ठरवा."

घरी आलो. मालक खिडकीपाशी पडले होते, दीर भिंतीला टेकून बसले होते. काय झालं ते आत्यांनी सांगितलं. दोन्ही त्यांच्याच पोटचे.

"दादाला धाडा," दीर म्हणाले.

"मी तितं जाऊन खोकनार आन हितं बी खोकनार," मालक म्हणाले. "गाडीभाड्याचा खर्च कशाला उगं?"

आत्यांनी माझा हात धरला. "तू बोल गं. मला न्हाई बोलवत. तू डागदराशी बोललीस, तुला कळतंय."

मला कळत होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की थोरल्यांची दोन्ही फुप्फुसं गेली आहेत, धाकट्यांचं एकच धरलंय, तेही थोडं. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्या खोलीत मालकांसमोर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. मी जमिनीकडं बघत म्हणाले, "भावजींना धाडा."

दीर उठून बाहेर गेले. आत्या चुलीपुढं जाऊन बसल्या. मालकांनी कूस वळवून माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "लग्नाला आठ वर्सं झाली. तुजा आवाज आज ऐकला." थोड्या वेळानं म्हणाले, "बरं क्येलंस."

दीर इस्पितळात गेले. त्यांची पत्रं यायची ती मीच वाचून दाखवायची, कारण घरात वाचता येणारी मीच राहिले होते. एका पत्रात लिहिलं होतं की तिथं सुईनं छातीत हवा भरतात. त्या हवेनं आजारी फुप्फुस दाबून निजवतात, म्हणजे ते विसावतं आणि जखम भरते. "आम्हालाही दिवसभर निजवतात. मी जन्मात एवढा निजलो नाही. दूध पिऊन पिऊन कंटाळा आला." हे वाक्य मालकांनी मला दोनदा वाचायला लावलं.

होळीच्या आधी मालक गेले. शेवटी खोकायलाही त्यांना ताकद उरली नव्हती. त्यांचं अंथरूण, गोधडी, पेला, सगळं मी परसात जाळलं किंवा पुरलं. पाच धोटे उकळत्या पाण्यात टाकले. लाकडाला चिरा गेल्या, तीन निकामी झाले. आत्या म्हणाल्या, "देव उकळलास तू." पण मला अडवायला त्यांनी माझा हात धरला नाही.

मजुरी आणणारं घरात कुणी राहिलं नव्हतं. आमच्यात बाया कांड्या भरतात, मागावर बसत नाहीत. मी बसले. आठ वर्षं मधे बसून बघत होते, तेवढंच शिक्षण. पहिलं लुगडं विणायला मला महिना लागला. ते घेऊन आत्या गेल्या, मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

कारखानदारानं लुगडं उजेडात धरलं. "कुणी विणलं?"

आत्यांनी उंबऱ्याकडं, माझ्याकडं पाहिलं.

"बाईनं विणलेलं मी घेत नाही." त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. "काठ सरळ आहे," तो म्हणाला, आणि कारकुनाला मजुरी मांडायला सांगितलं. अर्धी दिली, अर्धी उचलीत वळती केली. अंग दुखलं नाही असा एकही दिवस त्या वर्षात आठवत नाही. पाय खड्ड्यात सुजायचे, भाकरी खाताना हाताची बोटं मिटायची नाहीत.

दीर चौदा महिन्यांनी परत आले. अंगावर मांस आलं होतं. ते मालकांच्या मागाकडं गेले नाहीत, आपल्याच खड्ड्यात उतरले. डॉक्टरांनी अर्धा दिवसच काम सांगितलं होतं, तेवढंच मी त्यांना करू दिलं. दर तीन महिन्यांनी डबी घेऊन मीच जात असे आणि निकाल ऐकेपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसत असे. डबी स्वच्छ निघत गेली. दोन वर्षांनी मुलीला मोहोळहून आणली. तिनं मला ओळखायला अर्धा दिवस घेतला.

पेठेत मी आठ-दहा घरी आकडे करून दिले. दोन-तीन घरांत ते वापरतात. बाकीच्यांनी खुंटीला लावून ठेवलेत. तोंडानं लवकर होतं, असं ते म्हणतात, आणि ते खरं आहे. मला त्यांच्याशी वाद घालता येत नाही. डॉक्टरांनी कुणाकुणाला सांगितलं, पण मजुरी नगावर मिळते आणि खोकला उद्याचा असतो.

उचल फिटायला साडेचार वर्षं लागली. शेवटचा हप्ता कापून झाला, त्याच्या पुढच्या शनिवारी दीर म्हणाले, मी पण येतो. कारखानदारानं वही काढली, आमच्या नावापुढं उभी रेघ मारली आणि वही मिटली. दिरांनी विचारलं, "आता काई राहिलं न्हाई ना?" तो म्हणाला, "काही नाही. पुरती फिटली." मग त्यानं पुढच्या लुगड्याचं सूत मोजायला सांगितलं. मी सुताच्या लडी पदरात घेतल्या. घरी आल्यावर आत्यांनी विचारलं, "समदं दिलं?" मी म्हणाले, "सगळं दिलं, आत्या." त्या दिवशी पुरी मजुरी मी त्यांच्या हातात ठेवली. साडेचार वर्षांत पहिल्यांदाच तिच्यातून काही कापलेलं नव्हतं.